टीव्हीच्या बांध्या

मामाजी, काही भारी झालं की मी आधी तुमच्याकडे पळत यायची. आजही पळत आली. हातात पेचकस, केसांत कोळ्याचं जाळं, साडीला चुना, आणि ओसरीवर तुमची खुर्ची रिकामी. अशी चीड आली ना! एवढी मोठी गोष्ट घेऊन आली आणि माणूस जागेवर नाही. म्हणून लिहून राहिली. तुमचे चिरंजीव म्हणतात, गेलेल्या माणसाला कोणी लिहिते का. मी म्हटलं, जिवंत असताना सासऱ्यापुढे मला पूर्ण बोलायला मिळत होतं का? आता निदान मधात तोंड घालणार नाहीत. एका दमात सांगून घेते.

तेरवीला लोक तुमच्याबद्दल किती गोड बोलले. कोणी म्हणे शांत माणूस होता. शांत! टीव्हीच्या मागे डोकं घालून सकाळभर सुनेशी भांडणारा माणूस शांत? कोणी तुमच्या धानाबद्दल बोललं, कोणी तुम्ही मिटवलेल्या भाऊबंदकीबद्दल. टीव्हीबद्दल एक शब्द नाही. आणि मला तर तुमचं नाव काढलं की आधी वायरीच दिसतात. लाल, पांढरी, पिवळी. वर छताशी डिशचा डब्बा, त्याच्याखाली व्हीसीआर, त्याच्याखाली कॅसेटवरून डीव्हीडी भरणारा रेकॉर्डर, आणि तीन खोल्यांत तीन टीव्ही. सगळं एकमेकांत असं गुंफलेलं, की समोरच्या खोलीत जे चित्र तेच स्वयंपाकखोलीत आणि तेच मागच्या खोलीत. आख्ख्या मुर्री गावात असं दुसरं घर दाखवा मला!

मी लग्न होऊन आली तेव्हा डिश नव्हती, टीव्ही दोनच होते, आणि तुमचं माझ्याशी पहिलं बोलणं टीव्हीच्या मागून झालं. मी गोंदियाच्या बाजारातली. माहेरी अर्धी हिंदी, अर्धी मराठी. डोक्यावरचा पदर धड सांभाळता येत नव्हता. तेवढ्यात टीव्हीच्या मागून आवाज आला, "सुनबाई, समोर उभी राय. चित्र आलं का सांगजो." मला वाटलं, परीक्षा घेऊन राहिले. उभी राहिली. पडद्यावर मुंग्या, मुंग्या, नुसत्या मुंग्या, आणि एकदम बातम्या वाचणारी बाई! मी जी ओरडली, "आया! आया! अरे, गया! फिर आया!" ओसरीवरच्या पाहुण्या बायका उठून आत आल्या, नव्या नवरीला काय झालं म्हणून. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, तोंडाला पदर लावून उभ्या. आणि तुम्ही मागून डोकं काढून म्हणाले, "पोरगी कामाची हाये." त्या दिवसापासून तुम्ही मागे आणि मी समोर, हे ठरूनच गेलं.

एक गोष्ट तुम्हाला कधी बोलली नाही, ती आता बोलून टाकते. नंतर एकदा कामठ्याच्या तुमच्या मावसबहिणीनं मला ऐकू येईल असं म्हटलं होतं, "सुनेचा आवाज रस्त्यावर जाऊन राहिला, बरं दिसते का?" तुम्ही चहा पिऊन राहिले होते. कप खाली न ठेवता म्हणाले, "तिचा आवाज नाही आला तं चित्र आलं हे मले कसं समजन?" बस. विषय संपला. मी आत जाऊन रडली, मामाजी. आनंदानं. ज्या घरात सून हळू बोलते तेच घर चांगलं, असं माहेरी शिकून आलेली मी, आणि इथं माझ्या ओरडण्यावर सगळं काम चालत होतं. तुमच्यासमोर माझ्या तोंडून कधी आभाराचा शब्द निघाला नाही, भांडणच निघायचं. आता घ्या.

आणि भांडण तरी कशावरून! तुमच्या त्या बांध्यांच्या शास्त्रावरून. माझ्या पुण्याच्या मैत्रिणीला हे सांगायला गेली तर आधी बांधी म्हणजे काय हेच समजावून सांगावं लागलं. म्हटलं, धानाच्या वावराचे धुऱ्यांनी, म्हणजे बांधांनी, पाडलेले तुकडे असतात, वरची बांधी भरली की पाणी खालच्या बांधीत उतरते. आमचे मामाजी टीव्हीच्या वायरी तशाच वाचतात. जिथून चित्र निघते ती वरची बांधी, जिथं जाते ती खालची. ती म्हणाली, अगं, किती हुशार. मी म्हटलं, थांब, पुढं ऐक. त्यांनी मशीनीही तशाच मांडल्या आहेत! देणारी वर, घेणारी खाली, नाहीतर म्हणे धार बसत नाही.

मी तुम्हाला किती समजावलं. मामाजी, ही वीज आहे, पाणी नाही, ती खालून वरही चढते. तुमचं उत्तर तयार, "चढत असन. पण कायले चढवाव? तिले त्रास."

तिले त्रास! विजेला त्रास! मी कपाळावर हात मारून घ्यायची.

डिशचा डब्बा आला तेव्हा तर कहरच. तो साऱ्यांना देणारा, म्हणून साऱ्यांच्या वर पाहिजे. पण वर देवाची फळी. आत्याबाई अडून बसल्या, "देवाच्या डोक्यावर डब्बा? माझ्या जित्तेपनी नाही." तुम्ही दिवसभर तोंड पाडून फिरले, आणि दुसऱ्या दिवशी देवाचीच फळी हातभर वर ठोकली. तेव्हापासून उदबत्ती लावायला मला स्टुलावर चढावं लागते. विचारलं तर म्हणता, "बरोबर हाये. वरून जे येते ते पयले देवालेच भेटाव." बोला आता.

सगळ्यांत खालची बांधी कोणती, हे मात्र माझ्या फार उशिरा लक्षात आलं. स्वयंपाकखोलीतला तो लहान टीव्ही. पाटावर ठेवलेला, चुलीसमोर बसलेल्या बाईच्या बरोबर डोळ्यापुढे. तुम्ही म्हणायचे, पाहुण्यांसाठी आहे. साफ खोटं! आपल्या घरी कोणता पाहुणा स्वयंपाकखोलीत बसला? दिवाळी सरली की आपल्याकडे गावोगाव मंडई. दिवसा बाजार आणि दंडारीचा नाच, रात्री मांडवात नाटक. लेकी येतात, जावई येतात, जावयाचे मित्र येतात, घरात पाय ठेवायला जागा नसते. हे सगळे जेवूनखाऊन नाटकाला गेले की आत्याबाई भांड्यांच्या ढिगापाशी. लग्न होऊन आल्यापासून त्यांनी आपल्याच गावचं नाटक मांडवात बसून कधी पाहिलं नाही. वाऱ्यानं गाणं कानावर यायचं, तेवढंच त्यांचं नाटक.

मग तुम्ही लग्नाची शूटिंग करणाऱ्या मित्राचा कॅमेरा मागून आणायला लागले. मांडवाच्या अगदी मागे बाकावर उभं राहून आख्खं नाटक कॅसेटवर भरायचं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती कॅसेट व्हीसीआरमधे टाकून हाक द्यायची, "सयपाकखोलीत आलं का?" समोरच्या खोलीत जावई बसलेले, मागच्या खोलीत लेकी, आणि विचारणा कशाची, तर स्वयंपाकखोलीची! आत्याबाई काही बोलायच्या नाहीत. हात कणकेत आणि नजर टीव्हीवर. तुम्ही उभ्या जन्मात त्यांना सांगितलं नाही की हे तुझ्यासाठी आहे, आणि त्यांनीही कधी विचारलं नाही. दोघंही एका नंबरचे घुमे. मला पाहून पाहून भरून यायचं, म्हणून मी अजून जोरात ओरडायची, "आया, मामाजी! एकदम साफ आया!"

आणि ती मंडई आठवते ना, घरात भुतं नाचली ती? रेकॉर्डर नवा होता आणि माझ्या अंगात उत्साह मावत नव्हता. म्हटलं, व्हीसीआरमधलं रेकॉर्डरमधे जाते, तर रेकॉर्डरमधलंही व्हीसीआरमधे जाऊ द्यावं, म्हणजे कुठूनही कुठं भरता येईल. तुम्ही पानठेल्यावर गेले होते. मी हळूच मागे जाऊन एक वायर जास्तीची लावली आणि बटन दाबलं. बापा रे बापा! चित्रात चित्र, त्या चित्रात अजून चित्र, हिरवं, जांभळं, गरगर फिरणारं, आणि तिन्ही टीव्हींतून एकच किंकाळी. मोठे जावई भरल्या ताटावरून उठले. नणंदबाईंनी टीव्हीवरून मीठ-मोहऱ्या ओवाळल्या, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं! तुम्ही धावत आले, मागे वाकले, ती वायर उपटली आणि मला म्हणाले, "सुनबाई, खालच्या बांधीचं पानी वरच्या बांधीत टाकलंस. ते आता फिरून फिरून तुलेच बुडवन." त्या दिवसापासून मला टीव्हीच्या मागे जायची बंदी. मी मुकाट्यानं मानलं, पण मनात म्हटलं, दिशा वेगळी आणि उंची वेगळी. दिशेचं तुमचं खरं. उंचीचं नाही. आजही नाही!

यंदा धान लोंबीवर आलं तेव्हा तुमच्या चिरंजीवांनी समोरच्या खोलीत तो भिंतीएवढा टीव्ही आणला. त्यालाही तुम्ही खोलीखोलीत चित्र नेणारी तुमची ती काळी केबल लावलीच, सोडता का काय. मग मी माझ्या फोनवरचं चित्र त्याच्यावर उडवून दाखवलं, बिनवायरीचं. तुमचं तोंड पाहण्यासारखं झालं होतं! फोन हातात घेतला, वर धरला, खाली धरला, पलंगाखाली घालून पाहिला. चित्र हलायला तयार नाही. "पाट नाही, धुरा नाही, अना बांधी भरली?" मी टाळ्या पिटल्या. म्हटलं, हारले ना आज? तुम्ही म्हणाले, "हे पानी नोहे. हे दव हाये. दव बी वरूनच पडते." आणि उठून माझा फोन अलमारीवर नेऊन ठेवला! माझ्याकडे जबरदस्त उत्तर होतं, मामाजी. दव वरून पडत नाही, जिथल्या तिथं जमते. शाळेच्या पुस्तकात होतं. म्हटलं, उद्या चहाच्या वेळेला हाणते. पण दुसऱ्याच दिवशी तुम्हाला दवाखान्यात न्यावं लागलं आणि तिथून तुम्ही बोलत परत आलेच नाहीत. ते उत्तर माझ्याजवळ तसंच पडून आहे. सांगा, कोणाला देऊ?

तुम्ही गेल्यावर घर शुद्ध करायचं म्हणून नणंदबाईंनी कंबर कसली. भांडीकुंडी अंगणात, भिंतींना चुना, कोपरान् कोपरा घासला. मी पाहुण्यांच्या चहापाण्यात. संध्याकाळी समोरच्या खोलीत आली आणि पाहते तर काय, तुमच्या साऱ्या वायरी उपटलेल्या! पुसूनपासून, गुंडाळून, एका चुंगडीत भरलेल्या, तांदळासारख्या. मशीनी उंचावरून उतरवून एका टेबलावर रचलेल्या, जड व्हीसीआर खाली, त्याच्यावर बाकीचं, आणि साऱ्यांवर क्रोशाचं झाकण. "वयनी, बाबाच्या वस्तू कशा नीट ठेवल्या पाय," असं म्हणून त्या रडायला लागल्या. प्रेमानं केलं, डोळे पुसत पुसत केलं. मीही त्यांच्या गळ्यात पडून रडली. पण खरं सांगू का, मी त्या चुंगडीकडे पाहून रडत होती.

आणि आत्याबाई. मांडीचं हाड मोडल्यापासून त्या मागच्या खोलीतच आहेत, हे तुम्ही पाहिलंच. पण तुम्ही गेले आणि त्यांचा आवाजच गेला. काही विचारलं तर हूं. जेवता का, हूं. एखादा शब्द बोलल्या तर तोंडाजवळ कान न्यावा लागते. अन्न दोन घास. आम्हाला वाटायला लागलं, याही आता तुमच्या मागे निघाल्या. यंदा आपल्या घरी मंडई नाही, कोणाला बोलावलं नाही, नणंदबाई तेवढ्या तेव्हापासून इथंच आहेत. आज सकाळी गावातून दंडारीचा ढोल ऐकू आला. मी त्यांची वेणी घालून राहिली होती. त्या अगदी हळू म्हणाल्या, "मंडईची कॅसेट लावजो वं, बाई."

माझ्या हातातली वेणी सुटली. कारण त्या कॅसेटांत तुम्ही नाही! कॅमेरा नेहमी तुमच्याच हातात, तुम्ही दिसणार कुठून? एवढ्या मशीनी, एवढ्या कॅसेटी, आणि तुमचं चालतंबोलतं चित्र घरात एकही नाही. मी म्हटलं, "आत्याबाई, त्याच्यात मामाजी नाहीत दिसत." त्या म्हणाल्या, "मालूम हाये," आणि भिंतीकडे तोंड करून पडल्या. तेव्हाच मी ठरवलं, काही झालं तरी आज चित्र आलंच पाहिजे. या बाईनं इतक्या दिवसांत पहिल्यांदा काहीतरी मागितलं होतं.

तुमचे चिरंजीव म्हणाले, मोबाईलवर लावून दे एखादं नाटक. मी असं पाहिलं त्यांच्याकडे! मग म्हणाले, व्हीसीआर उचलून मागच्या खोलीत ने. मागच्या खोलीतला टीव्ही जुना, तो फक्त काळी केबल घेते, आणि आपल्या व्हीसीआरचं काळ्या केबलीचं भोक तर कधीचं तुटलेलं. तीन रंगांच्या वायरींतलं चित्र काळ्या केबलीत ढकलायला केबलवाल्याकडून आणलेला तुमचा तो लहान डब्बा लागते. तो कोणाच्या पुढे लागते, कोणाच्या मागे, देव जाणे. चुंगडी जमिनीवर ओतली. अगाई! सगळ्या वायरी लाल, पांढऱ्या, पिवळ्या, आणि सगळ्या मशीनींच्या मागच्या भोकांच्या रांगाही लाल, पांढऱ्या, पिवळ्या. मी जन्मभर समोर उभी राहिलेली बाई. मागचं जग मला काय माहीत?

टेबलावरच जोडायला बसली. एक वायर इतकी लांब की तिचं वेटोळं होऊन बसे. दुसरी इतकी आखूड की पोचेचना. निळा पडदा. उलट केलं, मुंग्या. पुन्हा उलट केलं, मुंग्याही गेल्या. घामाघूम झाली. नणंदबाई अपराधी तोंड करून चहा आणून देऊन राहिल्या. मनात आलं, या वायरी अशा वेड्यावाकड्या मापाच्या काऊन केल्या मामाजीनं? बाजारात तर सगळ्या एका मापाच्या मिळतात. मग आठवलं, तुम्ही त्या स्वतः कापायचे, टोकं सोल्डर करायचे, ओसरीवर तो वास सुटायचा. कापायचे कशाच्या मापानं?

मी उठली ती ओरडतच उठली. "ताई, स्टूल धरा!" क्रोशाचं झाकण काढलं आणि डिशचा डब्बा उचलून देवाच्या फळीखाली, त्याच्या जुन्या जागी ठेवला. व्हीसीआर अलमारीवर. रेकॉर्डर खाली टेबलावर. केबलवाल्याचा डब्बा त्याच्याखाली खिळ्याला. चिरंजीव म्हणाले, "आता हे कायले वर चढवून राहिली?" मी म्हटलं, "धार बसत नाही!"

आणि मामाजी, काय सांगू तुम्हाला! ती लांब वायर छताच्या डब्ब्यापासून अलमारीपर्यंत अशी येऊन बसली, की बोटभर जास्त नाही, बोटभर कमी नाही. तिच्याहून आखूड ती व्हीसीआरपासून रेकॉर्डरपर्यंत. सगळ्यांत आखूड ती रेकॉर्डरपासून लहान डब्ब्यापर्यंत. चुकीच्या जागी लावायला गेली तर पोचायचीच नाही! मी नुसती धरत गेली आणि वायरी आपल्या आपण घरी गेल्या. विजेला उंची लागत नाही, हे मी मरेपर्यंत म्हणीन. पण तुमच्यामागे जोडायला बसलेल्या माणसाला लागते, हे मला आज समजलं. तुम्ही मुद्दाम केलं होतं की नाही, हे विचारायला तुम्ही नाही. असते तर म्हणाले असते, मुद्दामच. आणि मी मानलं नसतं.

कॅसेटी तांदळाच्या कोठीतच होत्या, पिशवीत बांधून, तुम्ही ओल लागू नये म्हणून ठेवल्या तशा. आत्याबाई दरवर्षी कावायच्या, तांदूळ काढायला गेलं की हातात नाटक येते म्हणून. वरचीच एक काढली, पदराला पुसली. व्हीसीआरनं ती घासासारखी आत घेतली, खट्‌ झालं, घर्र झालं. रेकॉर्डरचा लाल दिवा लावून ठेवला, म्हटलं, या म्हाताऱ्या मशीनीचा काय भरवसा, उतरून घ्यावं आजच. नणंदबाईंना स्वयंपाकखोलीत पिटाळलं, चिरंजीवांना समोर उभं केलं, आणि मी टीव्हीच्या मागे, भिंतीला नाक लावून.

"काहीच नाही," चिरंजीव म्हणाले. मी काळ्या केबलीचं टोक दाबून धरलं. "रेघा आल्या." अजून दाबलं. आणि स्वयंपाकखोलीतून नणंदबाई किंचाळल्या, "आलं वो वयनी! पडदा दिसून राहिला!" तुमचे चिरंजीव, एवढा मोठा बाप्या, त्यांनी टाळी वाजवली. मागच्या खोलीतून आवाज नाही. मी तशीच पळाली.

तिथंही आलं होतं. साफ नाही, वरून एक पांढरी रेघ सरकत होती, पण आलं होतं. स्टेज दूर, काडेपेटीएवढं. नट दिसतात मुंगीएवढे आणि बोलतात काय, काही समजत नाही. आत्याबाई उशीवरून पाहत होत्या, चेहऱ्यावर काही नाही. मी त्यांच्या पायाशी बसली आणि मला वाटलं, उगाच लावलं. यात त्यांना काय सापडणार? तेवढ्यात नाटकातला तो हवालदार आला, सलाम ठोकायला गेला आणि स्वतःच्याच काठीत पाय अडकून धाडकन पडला.

आणि तुम्ही हसले.

मामाजी, नट दूर होते, पण कॅमेऱ्याचा माईक तर तुमच्या तोंडाशी होता! नाटकाच्या आवाजाहून मोठं, एकदम जवळून, पोटातून आलेलं तुमचं हसणं. समोरच्या खोलीतून, स्वयंपाकखोलीतून, मागच्या खोलीतून, एकाच वेळी, घरभर! कसं विसरलो होतो आम्ही? नणंदबाई हातातलं पातेलं घेऊन दारात येऊन उभ्या. चिरंजीव त्यांच्यामागे, डोळे भरलेले. हवालदार उठून उभा राहून काहीतरी बोलत होता, आणि तुमच्या हसण्यात त्याचा एक शब्द ऐकू येत नव्हता.

आत्याबाई कोपरावर उठल्या. इतक्या दिवसांत ज्यांच्या तोंडाशी कान न्यावा लागत होता, त्यांनी टीव्हीकडे हात उगारला आणि ओसरीपार जाईल अशा आवाजात ओरडल्या, "अवो, हासून नका राहू ना जी! आयकू द्या मले!"

आणि तुम्ही काय थांबता? तुम्ही अजूनच जोरात हसले.